पेट्रोलच्या वाफेचे घरगुती निदान

या कामाला उत्तम मुहूर्त नवतपाचा. गोंदियात पारा ४५ च्या घरात गेला की माणूस सावली शोधतो आणि टाकीतले पेट्रोल पळवाट. ते उडून जाऊ नये म्हणून गाडीत कोळशाची एक डबी असते, तिला कॅनिस्टर म्हणतात. कोळसा वाफ धरून ठेवतो. पुढे इंजिन तापले की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि ती वाफ इंजिनात जाऊन जळते. अमेरिकेत ही सोय १९७० च्या सुमारास सक्तीची झाली. आमच्या आळीला ती डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला तेव्हा कळली.

दिवा लागताच बॉनेट उघडू नये. उघडल्यास समिती भरते. त्यात राईस मिलचे इंजिन सांभाळलेले एक काका असतात, एक निवृत्त गुरुजी असतात आणि मेहुणे असतातच. "इंजिन खोलावं लागते जी," हा ठराव चहाआधीच मंजूर होतो. म्हणून निदान पहाटे, समिती झोपेत असताना करावे. तेव्हा इंजिनही थंड असते.

आधी टाकीचे झाकण पाहावे. त्याची रबरी रिंग तडकली आहे का? झाकण टकटक वाजेपर्यंत फिरवले होते का? मग स्टीअरिंगखालच्या खाचेत ओबीडी स्कॅनर लावावा. पी०४५५ हा कोड आला तर गळती मोठी, पी०४४२ आला तर लहान, पी०४५६ आला तर अगदी बारीक. सगळ्याच गाड्या गळती मोजत नाहीत. अशा गाडीत स्वतःच्या नाकावर विसंबावे. त्याला रिचार्ज लागत नाही.

पेट्रोल भरल्याबरोबर गाडी सुरू व्हायला कुरकुरते? मग संशय पर्ज व्हॉल्व्हवर. थंड इंजिन सुरू करून, पंखा-पट्ट्यापासून हात लांब ठेवून, कॅनिस्टरकडून आलेली नळी व्हॉल्व्हवरून काढावी आणि व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडावर बोट ठेवावे. बोट सतत ओढले जात असेल, तर व्हॉल्व्ह उघडाच अडकला आहे.

बारीक गळती गॅरेजवाले यंत्राने धूर सोडून शोधतात. हे ऐकून काका बिडी काढतील. तेंदूपत्त्याच्या जिल्ह्यात धुराची टंचाई नाही, हे मान्य. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते आणि एका ठिणगीची वाट पाहते. काकांना बिडीसकट घरी पोचवून यावे.

खरा आरोपी मात्र बहुधा स्टीअरिंगमागेच बसलेला सापडतो. पंपाची नळी टक् करून आपोआप थांबते, तरी आपण म्हणतो, "भाऊ, राऊंड फिगर करून टाक." ते वरचे पेट्रोल कोळशाच्या डबीत शिरू शकते. कोळसा वाफेसाठी असतो, अंघोळीसाठी नाही. एकदा भिजलेली डबी बहुतेक वेळा बदलावीच लागते आणि तिचे बिल राऊंड फिगरमध्ये येत नाही.

एवढे करूनही वास जात नसेल, तर टाकीला झाकण आहे का ते पाहा. आमचे पंपावर राहिले होते.