मंथ-एंडचा संघ

पुण्याच्या आयपीएल संघाचं मैदान पुण्यात नव्हतं. ते गहुंज्याला, म्हणजे मावळ तालुक्यात, एक्स्प्रेसवेच्या कडेला. पेठेतला माणूस तिथे मॅच बघायला निघाला की घरी असं काही सांगून निघायचा, जणू परत यायला दिवाळी उजाडणार. आम्हा निगडी-देहूरोडकडच्यांना मात्र ते शेजारचं मैदान. लोकलने बेगडेवाडीला उतरायचं आणि गर्दी जाईल तिकडे चालायचं. तरी संघाच्या नावात पुणे. याचं आम्हाला वाईट वाटत नाही. पिंपरी-चिंचवडला स्वतःची महापालिका आहे, महापौर आहे. पण बाहेरगावच्या नातेवाइकांसाठी आम्ही पुण्यातच राहतो आणि त्यांना सिंहगड दाखवणं आमचंच काम असतं.

मी महाळुंग्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. मोठ्या गाड्यांच्या पोटातले छोटे भाग आम्ही बनवतो. गाडीच्या मालकाला ते कधी दिसत नाहीत आणि दिसलेच तर गाडी गॅरेजात असते. क्रिकेटमधलं मला फार कळतं असा माझा दावा नाही. पण शेवटच्या आठवड्यात जीव टाकून ‘टॉप फोर’ गाठणं म्हणजे काय, हे आमच्या कारखान्यांच्या पट्ट्याला जितकं कळतं तितकं ते लॉर्ड्सवरच्या सभासदांनाही कळत नसेल. कारण आमचा प्रत्येक महिना तसाच जातो.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. पहिल्या आठवड्यात मटेरियल आलेलं नसतं. दुसऱ्या आठवड्यात मटेरियल येतं, तेव्हा टूल मेंटेनन्सला गेलेलं असतं. तिसऱ्या आठवड्यात, हे असं का झालं, यावर मीटिंगा होतात. आणि पंचवीस तारखेला कुणीतरी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतं. मग ओव्हरटाइम, डबल शिफ्ट, गेटवर टेम्पोंची रांग, ‘ग्राहकाची लाइन थांबेल’ म्हणून फोनवर फोन, आणि ज्या डागावर दहा तारखेला मी अख्खा लॉट अडवला होता, तो डाग तीस तारखेला ‘डेव्हिएशन’ या नावाने सन्मानाने पास. आमच्याकडे एकतीस तारीख दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंत चालते. बिलं फाडून झाल्यावर मगच एक तारीख उगवते.

2017 च्या आधीचा पुण्याच्या संघांचा इतिहास मात्र असा होता की मंथ-एंडसुद्धा त्यांना वाचवू शकला नाही. पुणे वॉरियर्स 2011 साली दहा संघांत नववे आले, 2012 साली नवांत नववे, 2013 साली नवांत आठवे. या शेवटच्या वर्षी 23 एप्रिलला बंगळुरूत ख्रिस गेलने त्यांच्याविरुद्ध 66 चेंडूंत नाबाद 175 काढले. त्या गोलंदाजांना पुढे कामावर उभं केलं हेच व्यवस्थापनाचं मोठं मन. मग चेन्नई आणि राजस्थान निलंबित झाले आणि त्यांच्या जागी, दोन वर्षांच्या बोलीवर, रायझिंग पुणे सुपरजायंट्स आले. पहिल्या वर्षी दुष्काळ पडला, सामने महाराष्ट्राबाहेर न्यायचा आदेश उच्च न्यायालयाने दिला आणि आमच्या संघाचं ‘घर’ विशाखापट्टणमला हललं. नंबर आला सातवा, आठांत.

2017 साली मालकांनी दोन सुधारणा केल्या. धोनीकडून कर्णधारपद काढून स्टीव्ह स्मिथला दिलं आणि संघाच्या नावातला शेवटचा ‘स’ काढून टाकला. हे कॉस्ट कटिंग आमच्या अकाउंट्सवाल्याला फार आवडलं. वाचलेल्या पैशात बहुधा बेन स्टोक्स घेतला. त्याला साडेचौदा कोटी पडले.

आमच्या कंपनीच्या बसमध्ये या संघाचे तीन खंदे समर्थक होते. एक स्टोअरचे मामा, निवृत्तीला टेकलेले, मूळचे जुन्नरकडचे. दुसरा प्लॅनिंगचा मुलगा, ज्याला आम्ही एक्सेल म्हणायचो, कारण तो घरी भाजी आणायलाही शीट करत असावा. तिसरा लातूरकडचा कंत्राटी पोरगा, आयटीआय झालेला, सीएनसीवरचा. मामांचा एकच आक्षेप होता: “मालक कोलकात्याचा, कॅप्टन ऑस्ट्रेलियाचा, बॉलर पोरबंदरचा आणि मैदान मावळातलं. पुण्याचं ह्यात काय?”

“दहा लाखांचा राहुल त्रिपाठी,” एक्सेल म्हणाला. “महाराष्ट्राकडून खेळतो.”

“बघा. आपला माणूस आला की रेट पडला.”

पहिला सामना 6 एप्रिलला गहुंज्यालाच होता, मुंबईशी. गुरुवार होता. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते; जगाचा रविवार तो आमचा कामाचा वार. त्यामुळे ती तारीख आमच्यासाठीच काढली आहे असा बसचा समज झाला. स्मिथने नाबाद 84 केले, शेवटच्या षटकात दोन षटकार मारले आणि सामना जिंकला. लातूरकर स्टेडियमवर गेला होता. दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज बसलेला, पण कॉलर ताठ.

मग लागोपाठ तीन पराभव. इंदूरला पंजाबकडून, घरी दिल्लीकडून, राजकोटला गुजरातकडून. दिल्लीचा तर 97 धावांनी. वर्तमानपत्रवाले खवळले. आमच्या बसमध्ये मात्र कुणी विशेष मनावर घेतलं नाही. एप्रिलचा पहिला पंधरवडा! मार्च-एंडला गोडाऊन झाडून माल पाठवलेला असतो, त्यानंतर एप्रिलमध्ये काम कोण करतं? मामा म्हणाले, “मटेरियल आलं नसेल अजून.”

आणि खरोखरच, जशी तारीख वाढली तसा संघ जागा झाला. बंगळुरूत जिंकले. 22 तारखेला हैदराबादविरुद्ध धोनीने शेवटच्या चेंडूवर चौकार मारून सामना काढला. कॅप्टनपद काढून घेतलेल्या जुन्या माणसाने ऐनवेळी लाइन वाचवावी, हे बघून मामांचे डोळे भरून आले. त्यांनाही दोन वर्षांपूर्वी इन-चार्जवरून ‘सल्लागार’ केलं होतं. 24 ला मुंबईला वानखेडेवर तीन धावांनी हरवलं. मधेच कोलकात्याकडून एक मार खाल्ला, पण 29 ला बंगळुरूला शंभरही करू दिले नाहीत.

1 मे मात्र वेगळा सांगायला हवा. महाराष्ट्र दिन, भरपगारी सुट्टी, गहुंज्याचं मैदान, आणि समोर कोण? गुजरात लायन्स! 1960 साली याच दिवशी दोन्ही राज्यं वेगळी झाली. सत्तावन्न वर्षांनी उरलेला हिशेब मावळात मिटवायचा असं ठरलं होतं जणू. पाठलाग 162 चा, आणि आमचे तीन गडी दहा धावांत परत. लातूरकराने टीव्हीच्या दुकानासमोरून फोन केला, “सर, महाराष्ट्र ऑल आउट होतोय.” मग स्टोक्स उभा राहिला. पायात गोळे येत असताना नाबाद 103 करून, एक चेंडू शिल्लक ठेवून, त्याने सामना जिंकून दिला. महाराष्ट्र दिनी महाराष्ट्राची अब्रू एका इंग्रजाने राखली. यावर बसमध्ये नेमका कुणाचा जयजयकार करावा ते न ठरल्यामुळे सगळ्यांनी “गणपती बाप्पा मोरया” म्हटलं.

त्याच सुमारास आमच्याकडे ऑडिटला एक अमेरिकन पाहुणा आला होता. जेवणाच्या सुट्टीत एक्सेलची कागदावरची गणितं बघून तो खुलला. त्याच्याकडे बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ मोसमात 162 सामने खेळतो, आणि सप्टेंबर आला की तिथलीही माणसं अशीच कागद काढून बसतात म्हणे. सेंट लुइसचा कार्डिनल्स संघ 2011 साली ऑगस्टच्या उत्तरार्धात साडेदहा सामन्यांनी मागे होता. मोसमाच्या अगदी शेवटच्या दिवशी तो शेवटच्या जागेवर घुसला आणि पुढे जाऊन सगळं विजेतेपदच घेऊन आला. मामांना मी हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, “एकशे बासष्ट सामने म्हणजे खेळ नाही, पर्मनंट नोकरी आहे. पण शेवटच्या दिवशी घुसले म्हणतोस ना? मग आपलीच माणसं.” त्या ऑडिटमध्ये आम्हाला फारशा त्रुटी निघाल्या नाहीत. त्याचं श्रेय मी कार्डिनल्सना देतो.

एक्सेलची गणितं हा स्वतंत्र विषय आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्या शीटमध्ये इतके जर आणि तर झाले की कोलकाता जिंकलं तर आनंद मानायचा की दुःख, हे त्याला विचारून ठरवावं लागे. पुण्याची खरी अडचण होती नेट रनरेट. आपण दर षटकाला काढलेल्या धावांतून समोरच्याने काढलेल्या वजा करायच्या. आणि संघ लवकर गारद झाला तरी त्याची षटकं पूर्ण वीसच धरायची, सूट नाही. त्यामुळे एप्रिलमधला तो 97 धावांचा पराभव मेपर्यंत पाठ सोडत नव्हता. एवढे सामने जिंकूनही आमचा आकडा उणे. मी क्वालिटीचा माणूस, मला हे आत कुठेतरी लागलं. पाच तारखेला एक लॉट रिजेक्ट झाला की पुढे सोन्यासारखा माल बनवा, महिन्याच्या पीपीएममधून, म्हणजे दर दहा लाख नगांमागे किती सदोष या आकड्यातून, तो डाग जात नाही.

दरम्यान कोलकात्यात त्या दहा लाखांच्या त्रिपाठीने 52 चेंडूंत 93 केले होते, हैदराबादला पोरबंदरच्या उनाडकटने हॅटट्रिकसह पाच बळी घेतले होते आणि मामांनी आपले सगळे आक्षेप मागे घेतले होते. 12 तारखेला दिल्लीने सात धावांनी हरवून पुन्हा घोळ घातला. आता सगळं आलं 14 मेवर. गहुंज्यात पंजाबशी सामना. पुणे सोळा गुणांवर, पंजाब चौदांवर, पण पंजाबचा रनरेट चांगला. म्हणजे जो जिंकेल तो आत, हरेल तो घरी.

सामना रविवारी दुपारी चारला. आमचा अर्थातच कामाचा वार, फर्स्ट शिफ्ट. शॉपफ्लोअरवर मोबाइल बंदी असल्याने ते गेटवरच्या कप्प्यांत. शिफ्ट सुटली, गर्दी कार्ड पंच करून कप्प्यांवर तुटून पडली आणि बस निघेपर्यंत मार्टिन गप्टिल पहिल्याच चेंडूवर बाद झालेला होता. जिओ नुकतंच आलेलं, त्यामुळे प्रत्येकाच्या हातात मॅच. पण प्रत्येकाचं नेटवर्क वेगळ्या गतीचं. पुढच्या सीटवर विकेट पडायची तेव्हा मागच्या सीटवर गोलंदाज रनअप घेत असायचा. ड्रायव्हरकाकांना स्कोअर सांगायचा की रस्ता बघू द्यायचा यावर मतभेद झाले. पण तळवड्याच्या चौकात ट्रॅफिकने तो प्रश्न सोडवला. एरवी त्या चौकाला आम्ही शिव्या देतो. त्या दिवशी कुणीही हॉर्न वाजवला नाही. शार्दूल ठाकूर गडी काढत होता, शेजारच्या कंपनीची बस खिडकीला खिडकी लावून उभी होती आणि ज्यांचा डेटा संपला होता ते आमच्या खिडकीतून बघत होते. पंजाब सर्वबाद 73, सोळा षटकंही पूर्ण झाली नाहीत.

“एवढ्यात डिस्पॅच?” मामा अस्वस्थ झाले. “नीट बघ रे, काहीतरी मोजायचं राहिलं असेल.”

काही राहिलं नव्हतं. पुण्याने बारा षटकांत एक गडी गमावून सामना जिंकला. अठरा गुण, रनरेट उणेतून अधिकमध्ये, आणि चौथा-बिवथा नव्हे, थेट दुसरा नंबर. भक्ती-शक्ती चौकात उतरताना एक्सेलने ते शीट डिलीट केलं. मी त्याला कुठलीही फाइल डिलीट करताना त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

प्लेऑफसाठी स्टोक्स राहिलाच नाही. देशाच्या ड्यूटीवर इंग्लंडला गेला. “ज्याने माल बनवला तो डिस्पॅचला रजेवर,” मामा म्हणाले, “आपल्याकडेही हेच.” तरी 16 मे रोजी वानखेडेवर मुंबईला वीस धावांनी हरवून पुणे अंतिम फेरीत गेलं. 21 मे, हैदराबाद. समोर पुन्हा मुंबई, त्यांच्या अवघ्या 129 धावा. आम्हाला शेवटच्या षटकात अकरा हव्या होत्या. पहिल्या चेंडूवर मनोज तिवारीने चौकार मारला. मग तो गेला, मग स्मिथ गेला. शेवटच्या चेंडूवर चार हव्या. दोन पळून झाल्या आणि तिसरीला गडी धावबाद. 128. एका धावेने हरलो.

सोमवारी बसमध्ये मुंबईचे समर्थकसुद्धा गप्प होते. बराच वेळ गेल्यावर मामा बोलले, “सगळा माल पॅक, टेम्पो गेटवर, चलन तयार. आणि मोजला तर एक नग कमी.”

पुढे संघच राहिला नाही. करार दोन वर्षांचा होता, तो संपला; चेन्नई आणि राजस्थान परत येणार होते. बसमध्ये बरीच हळहळ झाली. लातूरकराला मात्र त्यात हळहळण्यासारखं काही दिसेना. त्याला त्याच महिन्यात ‘ब्रेक’ मिळाला होता, म्हणजे कंत्राट संपवून घरी बसवलं होतं. “त्यांना दोन वर्षं तरी भेटली, सर,” तो म्हणाला. “आपल्याला सात महिनेच देतात.” दोन महिन्यांनी तो खराबवाडीच्या दुसऱ्या कंपनीत लागला आणि आमच्याच बसने यायला लागला. ड्रायव्हरकाकांनी कधी पास विचारला नाही.

2018 च्या एप्रिलमध्ये कावेरीच्या पाण्यावरून आंदोलन पेटलं आणि चेन्नईचे घरचे सामने गहुंज्याला हलवले गेले. चेन्नईहून चाहत्यांची खास रेल्वेगाडी पुण्यात आली, धोनी पुन्हा मावळात आला, आणि त्या मे महिन्यात चेन्नईने करंडक जिंकला. बस दोन दिवस यावर वाद घालत होती की हा करंडक आपला धरायचा की नाही. एक्सेलने सहा सामन्यांची आकडेवारी काढली. लातूरकर म्हणाला, पिवळा शर्ट आपण घेतलाय, तेव्हा आपलाच. शेवटी मामांनी निकाल दिला: “मटेरियल त्यांचं, मशिन आपलं. जॉबवर्क आहे हे. करंडक त्यांचा, लेबर चार्जेस आपले. आणि ते कोणाकडून, कधी मिळणार, ते अकाउंट्सला विचारा.”