क्रमशास्त्री

डोंबिवलीहून मुंबईला कामावर जाणारी माणसं दोन प्रकारची. एक, डोंबिवलीलाच गाडीत घुसणारी. दुसरी, आधी उलटी कल्याणला जाऊन, तिथे रिकाम्या गाडीत खिडकी धरून पुन्हा डोंबिवलीवरून पुढे जाणारी. आमचा क्रमशास्त्री दुसऱ्या प्रकारातला, पण खिडकीसाठी नव्हे. गाडी जिथून सुटते तिथूनच माणसाने बसावं, असं त्याचं मत आहे. म्हणून कर्जतहून किंवा कसाऱ्याहून आलेल्या गाडीत खिडकी रिकामी दिसली तरी तो चढत नाही. ती कल्याणला मधूनच पकडल्यासारखी होते.

शास्त्री हे त्याचं आडनाव नाही. ती आम्ही मित्रांनी दिलेली पदवी आहे. नोकरी बँकेत. पंगतीत बसला की आधी मीठ, मग लिंबू, मग चटणी, मग कोशिंबीर अशी पानाची प्रदक्षिणा करतो. तोवर वरणभात गार होतो, वाढपी जिलबी घेऊन दोनदा फिरून जातात. पण हे सगळं खपून जातं. खरा प्रश्न पुस्तकांचा.

कॉलेजात असताना त्याला फाऊंटनच्या फुटपाथवर एक इंग्रजी कादंबरी मिळाली. मुखपृष्ठावर बर्फ, कुऱ्हाड, दाढीवाला बुटका आणि तलवार घेतलेला एक काळा, पांढऱ्या केसांचा इसम. घरी येऊन पाहतो तर तो तिसरा भाग. माणूस तिसऱ्या भागाचं दोनपैकी एक काहीतरी करतो, वाचतो किंवा परत विकतो. याने तो वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून ठेवला आणि पहिला भाग शोधायला लागला. त्या शोधात त्याला कळलं की पहिले भाग पुष्कळ आहेत.

ती कादंबरी ज्या जगातली, ते फरगॉटन रेल्म्स नावाचं. एड ग्रीनवुड या कॅनडातल्या मुलाने शाळकरी वयात स्वतःच्या करमणुकीसाठी गोष्टी लिहिता लिहिता ते रचलं. पुढे 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला. तो काढणाऱ्या टीएसआर या अमेरिकी कंपनीने ग्रीनवुडचं जग विकत घेतलं आणि 1987 पासून त्यावर खेळाची पुस्तकं नि कादंबऱ्या काढायला सुरुवात केली. जग एक, लेखक अनेक. एकाने बेटांवरचं लिहायचं, दुसऱ्याने बर्फाळ उत्तरेतलं, तिसऱ्याने जमिनीखालच्या नगरांतलं. जुन्या वाड्यात बिऱ्हाडं राहावीत तसे हे लेखक राहतात: नळ सामायिक, चुली वेगळ्या. मधूनच एखाद्या बिऱ्हाडातला देव मरतो आणि सुतक साऱ्या वाड्याला लागतं. 1989 साली देवांनाच पृथ्वीवर ढकलून देणारी तीन पुस्तकं निघाली. तिन्हींवर लेखकाचं नाव एकच होतं आणि ते टोपणनाव होतं. त्यामागे दोन जण लिहीत होते. पुढे जमिनीखालच्या राणीवरची सहा पुस्तकं निघाली, ती सहा लेखकांनी एकेक वाटून घेतली. कादंबऱ्यांची संख्या दोनशेच्या वर गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. यातली गंमत अशी की ग्रीनवुडने पुढे ग्रंथालयात नोकरी केली. पुस्तकं जागच्या जागी लावण्यात ज्याचा दिवस जायचा, त्याच्याच जगाची पुस्तकं फडताळात कशी लावावी यावर भल्याभल्यांत अबोला आहे.

त्या मुखपृष्ठावरचा काळा इसम म्हणजे ड्रिझ्ट. अन्यायी, भूमिगत जमातीत जन्मलेला एकच सज्जन. त्याचा लेखक आर. ए. साल्वाटोर. ड्रिझ्टची पहिली कादंबरी ‘द क्रिस्टल शार्ड’ 1988 साली आली. खरं तर तिचा नायक दुसराच, वुल्फगार नावाचा एक दांडगा पोरगा ठरला होता. ड्रिझ्ट हा नुसता त्याच्या जोडीचा गडी. संपादकबाईंनी फोनवर कुणीतरी वेगळा सोबती मागितला आणि तो बोलता बोलता सुचला, असं साल्वाटोर स्वतःच सांगतात. लोकांना गडीच आवडला. मग त्याचं बालपण सांगणं आलं, म्हणून 1990 मध्ये ‘होमलँड’. म्हणजे नायकाचा जन्म त्याच्या पराक्रमानंतर दोन वर्षांनी झाला. आपल्याकडे असं चालतं. बारशाला उशीर झालेली पोरं पुष्कळ. पण क्रमशास्त्र्याच्या आयुष्याची दिशा इथे फिरली.

कारण इथे दोन पंथ पडतात. पंचांगात जशी एक स्मार्त एकादशी आणि दुसऱ्या दिवशी भागवत एकादशी असते, तसेच हे. स्मार्त म्हणतात, लेखकाने ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने वाचा; 1988 आधी, 1990 नंतर. भागवत म्हणतात, घडलं त्या क्रमाने. आधी जन्म, मग पराक्रम. तिसरा एक छोटा, कडवा पंथ आहे. त्याचं म्हणणं, ड्रिझ्टचं नाव काढण्याआधी 1987 चं ‘डार्कवॉकर ऑन मूनशे’ वाचलं पाहिजे, कारण या जगातली पहिली छापील कादंबरी ती. या पंथाचे लोक सहसा एकटे चहा पितात.

क्रमशास्त्री कुठल्या पंथाचा? दोन्ही एकादश्या धरणाऱ्यांपैकी. सकाळी तो स्मार्त असतो आणि संध्याकाळी डोंबिवली येईस्तोवर भागवत होतो. अशात प्रकाशकांनी त्याच्यावर घाव घातला. नव्या आवृत्त्यांत त्यांनी ड्रिझ्टची सगळी पुस्तकं जीवनक्रमाने लावून पुन्हा क्रमांक दिले. ‘होमलँड’ एक आणि ‘क्रिस्टल शार्ड’ चार. जुन्या आवृत्तीत मात्र ‘क्रिस्टल शार्ड’ हा एका त्रयीचा भाग एक आणि ‘होमलँड’ हा दुसऱ्या त्रयीचा भाग एक. आता शास्त्र्याच्या कपाटात भाग एक म्हणून दोन वेगळी पुस्तकं आहेत. शिवाय एकच पुस्तक भाग एक आणि भाग चार म्हणून दोनदा आहे. हे दुसरं त्याने चुकून घेतलं असं मला वाटलं होतं. “चुकून कसं? चार क्रमांकाची जागा रिकामी नव्हती का!” तो म्हणाला. दोन्ही प्रती कोऱ्या आहेत. जुन्या प्रतीला निदान आधीच्या मालकाच्या चहाचा डाग आहे.

त्याचे वडील याच्या अगदी उलट. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, त्यातल्या कितीतरी वडिलांनी चाळीच्या कोपऱ्यावरच्या वाचनालयातून आणून वाचल्या. त्यांच्या झुंजार या नायकाची आधीची गोष्ट कुठली, नंतरची कुठली, असं कुणी विचारल्याचं त्यांना आठवत नाही. वाचनालयवाला हातात देईल ती पहिली. कित्येकदा पहिली सोळा पानं गळालेली असायची. खून झालेला असायचा, पण कुणाचा ते सतराव्या पानावरून ताडावं लागायचं. वडील म्हणतात, त्यातच खरी मजा. मुलगा हे ऐकून उठून गॅलरीत जातो.

एकदा मी त्याला सोपी वाट दाखवायला गेलो. म्हटलं, हे सोड, ज्यांचे आकडे सरळ आहेत असं काहीतरी घे. स्टीव्हन एरिकसनची मलाझन मालिका घे. 1999 ते 2011, दहा खंड, एक ते दहा. त्याच्या चेहऱ्यावर जी चमक आली ती मी विसरणार नाही. “आणि एस्लमाँटचं कुठे घालायचं?” हे जग एरिकसन आणि एस्लमाँट या दोघा मित्रांनी मिळून रचलेलं, दोघेही पुरातत्त्वाचे अभ्यासक, आणि दुसऱ्याच्या कादंबऱ्या पहिल्याच्या खंडांमध्ये कुठे कुठे बसतात. उत्खनन करणाऱ्याला वरचा थर आधी लागतो आणि सगळ्यात जुना शेवटी, हे शास्त्र्याने मला ठाणे ते मुलुंड समजावून सांगितलं. भांडुपला मी गर्दीत उतरून गेलो. माझं ऑफिस दादरला आहे.

ड्रॅगनलान्स मालिका सुचवण्याची चूक मी केली नाही. तिथे 1984-85 च्या मूळ तीन पुस्तकांमधल्या फटींत त्याच लेखकद्वयाने वीसेक वर्षांनी आणखी तीन पुस्तकं सारली आहेत. हे मला माहीत आहे ते शास्त्र्यामुळेच. मी यातलं काही वाचलेलं नाही आणि तरीही मला सगळं येतं, ही त्याच्या सहवासाची किंमत.

मग मी त्याला महाभारत सांगितलं. आदिपर्वातच नोंद आहे की कुणी भारत मनूपासून वाचतात, कुणी आस्तीकाच्या आख्यानापासून, कुणी उपरिचर राजापासून. म्हणजे इतक्या मोठ्या ग्रंथाने स्वतःच हात वर केले आहेत, तू कशाला डोकं पिकवतोस, असं मला सुचवायचं होतं. त्याने बरोबर उलटं घेतलं. “म्हणजे तेव्हाही प्रश्न सुटला नव्हता!” पुढच्याच शनिवारी तो पुण्याला भांडारकर संस्थेत जाऊन आला. तिथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करायचं काम 1919 साली सुरू झालं आणि 1966 साली पुरं झालं. तो परतला तेव्हा इतका प्रसन्न होता की मला वाटलं, आता वाचायला बसणार. म्हणाला, “सत्तेचाळीस वर्षं लागली त्यांना. माझी अजून तीसही झालेली नाहीत.”

त्याने कधी सुरुवातच केली नाही असं मात्र नाही. 2020 च्या टाळेबंदीत केली. भागवत पंथ स्वीकारून, आंघोळ करून ‘होमलँड’ उघडलं. चार दिवसांनी मी फोन केला तर आवाज पडलेला. झालं असं की या पुस्तकांत प्रत्येक विभागाच्या तोंडाशी ड्रिझ्टचं स्वतःचं चिंतन असतं. पुढे वयाने वाढल्यावर मागे वळून पाहत लिहिलेलं. “अरे, मुलगा अजून जन्मायचाय आणि हा म्हातारपणचं बोलतोय! ही पानं नंतर वाचायला हवीत.” म्हणून त्याने तेवढ्या पानांना चिमटे लावले. मग ती पानं नेमकी किती नंतर वाचायची, कुठल्या पुस्तकानंतर, हे ठरेपर्यंत वाचन स्थगित. चिमटे अजून आहेत. गंज पानावर उतरला आहे.

वहिनींचं वेगळंच. त्या कुठलंही पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान वाचतात, आणि मालिका चारशेबाराव्या भागापासून बघून तिसऱ्या दिवशी कोण कुणाची सावत्र ते सांगतात. या दोघांचा संसार झाला कसा, याचं आम्हाला कोडं आहे. मी एकदा विचारलं, “वहिनी, तुम्ही तरी वाचून टाका ना एकदा त्या ड्रिझ्टचं, म्हणजे याची सुटका होईल.”

“वाचलं असतं हो भाऊजी,” त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या. “पण ते लेखक 2023 पर्यंत भाग काढतच होते. शेवटचं पान कुठलं धरायचं सांगा मला!”

त्या दिवशी प्रथमच त्या घरात नवरा-बायकोचं एकमत झालेलं मी पाहिलं. दोघंही वाचत नव्हते, आणि दोघांचंही कारण रास्त होतं.

हल्ली त्याने ठरवलं आहे की जुन्या आवृत्तीतल्या ड्रिझ्टच्या पहिल्या दोन्ही त्रयी पुऱ्या हातात आल्याशिवाय पान उलटायचं नाही. सहापैकी पाच पुस्तकं जमली आहेत. 1991 चं ‘सोजर्न’ तेवढं राहिलं आहे. नवी आवृत्ती सहज मिळते, पण तिच्यावर नवा क्रम चढलेला, तेव्हा ती चालणार नाही. वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर जुनं ‘सोजर्न’ पडलं असेल तर मला जरूर कळवा. डाग चालतील, वाळवी चालेल. पहिली सोळा पानं मात्र जागेवर हवीत, नाहीतर ते त्याच्या वडिलांकडे जाईल.