कंसातली गुप्ती

कळमेश्वरात बडेबाबू चिक्कार झाले. तहसील, पंचायत समिती, नगरपरिषद, जिथं म्हणून टेबल आणि टेबलावर फायली, तिथल्या हेडक्लार्कला आमच्या नागपूरकडं बडेबाबूच म्हणतात. पण खुर्ची सुटल्यावरही हुद्दा अंगाला चिकटून राहिलेला असा हा एकच. त्यांचं पाळण्यातलं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं आहे.

शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. निवृत्तीनंतर लाल पेन कशाला, असं विचारू नये. लग्नपत्रिका आली की आधी तिच्यातल्या चुका ते लाल पेनानं दुरुस्त करतात आणि मग लग्नाला जातात. आयुष्यात त्यांनी एकही काम बेकायदा केलं नाही, आणि दुसऱ्याचं कायदेशीर काम पहिल्या फेरीत कधी होऊ दिलं नाही. दोन्हींचा अभिमान सारखाच.

अशा माणसाला साठी उलटल्यावर गुप्ती घ्यायची हुक्की आली.

निमित्त कुत्र्यांचं. पहाटे एमआयडीसीच्या रस्त्यानं फिरायला गेलं की कुत्री मागं लागतात, हे खरं आहे; माझ्याही लागतात. गावातल्या बाकी म्हाताऱ्यांना त्यावर साधी काठी पुरली. बडेबाबूंना पुरेना. त्यांच्या डोळ्यांसमोर होती ती वेताची काठी, पितळी मुठीची, खाली शेंबी मारलेली, आणि मूठ पिळून ओढली की आतून सर्रकन दोन फूट पोलाद बाहेर येणारी. कुत्र्याला पोलाद दाखवून काय होणार, हे त्यांना कुणी विचारलं नाही, कारण प्रश्न कुत्र्याचा नव्हताच. उभा जन्म साहेबासमोर ‘हो जी, हो जी’ करण्यात गेलेला. आता पानठेल्याशी चारचौघांत उभं राहावं, काठीच्या मुठीवर हात ठेवावा, आणि आपल्या हातात काय आहे हे या लेकाच्यांना ठाऊक नाही, एवढं एक सुख त्यांना पाहिजे होतं.

अडचण एवढीच, की लोकांना ठाऊक नाही हे लोकांना सांगितल्याशिवाय त्यांना करमत नसे.

सुरुवात झाली अजब बंगल्यापासून. नागपूरचं हे मध्यवर्ती संग्रहालय 1863 सालचं. लोक तिथं पोरांना पेंढा भरलेले प्राणी दाखवायला नेतात. बडेबाबू थेट हत्यारांच्या दालनात गेले, काचेसमोर उभं राहून वहीत अंदाजानं मापं उतरवली, आणि आपण ती का उतरवतो आहोत हे पहारेकऱ्याला त्यानं न विचारता सांगितलं. परतताना एसटीत शेजारच्या सीटला सांगितलं. गोंडखैरी यायच्या आत मागच्या दोन सीटांनाही कळलं होतं. घरी येऊन त्यांनी इतिहासही गोळा केला. बैठकीत हाताखाली घ्यायच्या कुबडीत पातं दडवलेलं असे, त्या हत्याराला ‘जफर तकिया’ म्हणत, आणि फकिराच्या हातातही तसली कुबडी सापडायची, ही माहिती त्यांनी मला भर रस्त्यात कानात सांगितली. त्यांच्या कानात सांगण्याचा आवाज जावक विभागातून साहेबाच्या केबिनपर्यंत पोचणारा होता.

मग लोहार. हा लोहार ट्रकचे जुने पाटे घेऊन त्यांचे विळे, कुऱ्हाडी करतो. हात असा सफाईदार, की मोहप्याहून शेतकरी त्याच्याकडं येतात. बडेबाबूंनी त्याच्यापुढं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलेला नकाशा उलगडला. एकूण लांबी छत्तीस इंच, पातं चोवीस, मुठीत खटका, खाली शेंबी, आणि कोपऱ्यात ‘मोजमाप तपासले’ म्हणून स्वतःचीच सही. लोहारानं भात्यावरचा हात काढला, नकाशा उभा धरला, आडवा धरला.

“हे कायले पाह्यजे जी?”

“असंच. सोबतीले.”

“मी विळा बनवतो, थो गवत कापते. कुऱ्हाड लाकूड तोडते. हे काय कापते?”

“काहीच नाही कापत.”

“मंग पातं कायले?”

या प्रश्नाला सरकारी उत्तर नव्हतं. बडेबाबूंनी जरा वेळ घेऊन तडजोड सुचवली, “शेतीचं अवजार म्हनून लिव्हून घे.” लोहार हसला. “संत्र्याच्या झाडाले गुप्ती कोन लावते बाबूजी? शेतीचं असंन त बनवतो, घरचं असंन त बनवतो. याच्यासाठी मले परवाना पाह्यजे. घेनाऱ्यापेक्षा बनवनाऱ्याचं कलम जड असते.” आणि तो पुन्हा विळ्याला लागला. कायद्याचा माणूस लोहाराकडून कायदा शिकून परत आला. ही गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नाही; लोहारानं सांगितली.

बडेबाबूंचा पुतण्या नागपूरला जिल्हा कोर्टात वकिली करतो. रविवारी तो आला तेव्हा मी तिथंच बसलो होतो. त्यानं आधी चहा संपवला, मग मोठेबाबांची हौस.

“1959 चा शस्त्र कायदा, कलम 4. सरकारनं जिथं अधिसूचना काढली तिथं असलं हत्यार घ्यायले, ठेवायले, संगं न्यायले परवाना लागते. नसंन त कलम 25. तुरुंग, वरून दंड. पोरं तलवारीनं केक कापतात अन् सकाळी पेपरात येते ना ‘कलम 4, 25 अन्वये गुन्हा’, थेच.”

“थे तलवारवाले. माही काठी हाये.”

पुतण्यानं मोबाइलवर शस्त्र नियम काढले आणि पहिल्या अनुसूचीतला पाचवा वर्ग त्यांच्या नाकासमोर धरला. तिथं तलवारी होत्या, आणि तलवारींना लागूनच एक छोटा कंस होता. त्या कंसात गुप्ती बसलेली.

बडेबाबूंचा चेहरा मी त्या वेळी जवळून पाहिला. याच माणसानं ‘कंसातील मजकूर पाहावा’ एवढ्या शेऱ्यावर किती लोकांचे कागद परत पाठवले असतील! खंजीर, संगिनी, भाले, लढाईच्या कुऱ्हाडी सगळे त्या यादीत राजरोस उभे आहेत. लपून बसायची सवय असलेली ही एकटीच, तर कायद्यानं तिला तिथंही आडोसा करून दिला आणि वरून आडोशासकट पकडली. बडेबाबूंनी ओळ पुन्हा वाचली. खाली नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख होता. त्यांचे डोळे चमकले.

“मंग साडेआठ इंचाची करतो.”

“नाव घेऊन लिहिलंय मोठेबाबा. तिथं टेप लावून वाद घालायचा असंन त घालू कोर्टात. पर तवरलोक तुमी आत.”

“ऑनलाइन?”

“2018 मंदी औरंगाबादले लोकायनं ऑनलाइन मागवलेल्या तलवारी पोलिसायनं कुरिअरवाल्याजवळूनच उचलल्या. इंग्लंडमंदी त 1988 पासून गुप्ती विकायलेच बंदी, अन् 2021 पासून घरात ठेवायलेबी. शंभर वर्षांहून जुनी असंन त सूट.”

“शंभर वर्षांची…” बडेबाबू पुटपुटले, आणि त्यांची नजर माळ्याकडं गेली. माळ्यावर शंभर वर्षांचं काही नव्हतं. मग त्यांनी शेवटचं पान टाकलं. याच नागपुरात 1927 साली मंचरशा आवारींनी, ज्यांना लोक जनरल आवारी म्हणायचे, इंग्रजांचा शस्त्रबंदीचा कायदा मोडायला तलवारी घेऊन सत्याग्रह केला होता. गांधीजींना हा प्रकार पसंत नव्हता, तरी आवारी मागं हटले नाहीत, तुरुंगात गेले. “आपली परंपरा हाये हे,” बडेबाबू छाती काढून म्हणाले.

“आवारी उघड तलवार घेऊन निघाले होते, मोठेबाबा. धरावं म्हनूनच निघाले होते. तुमाले दिसायलेबी नको अन् धरायलेबी नको.”

आतून काकूंचा आवाज आला, “अजी, त्याले जेवू तरी द्या!” त्यामुळं निकाल राखून ठेवण्यात आला.

दुसरा कुणी इथं थांबला असता. पण परवाना लागतो म्हणजे परवाना मिळतो, हे बडेबाबूंच्या रक्तात होतं. रात्री जागून त्यांनी अर्ज लिहिला. मला वाचायला दिला म्हणून सांगतो; सरकारी मराठीत इतका हळवा मजकूर मी पाहिलेला नाही. ‘प्रति, मा. जिल्हाधिकारी, नागपूर. विषय : वेताच्या काठीत अदृश्य स्वरूपात पाते धारण करण्याचा परवाना मिळणेबाबत.’ पुढं, ‘उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा सेवानिवृत्त असून पहाटे पायी फिरतो. सदर मार्गावर श्वान असतात.’ सोबत जोडायच्या कागदांत काठीचं छायाचित्र, बंद अवस्थेत एक व उघड्या अवस्थेत एक. आता परवान्याआधी काठी घेता येत नाही आणि काठीआधी छायाचित्र येत नाही, हे लक्षात आल्यावर त्यांनी स्वतःच्याच अर्जावर लाल पेनानं ‘त्रुटी’ असा शेरा मारला आणि तो स्वतःलाच परत केला. एरवी हे सुख त्यांना दुसऱ्याच्या अर्जावर मिळे.

अर्ज गेलाच नाही. पण एकदा अर्ज लिहिला म्हटल्यावर गावात गुप्ती आलीच. स्टेशनवर चर्चा, बाजारात चर्चा, धापेवाड्याला विठ्ठलाच्या दर्शनाला गेलेली मंडळी तिथं चर्चा करून आली. अशात बडेबाबूंनी नागपूरहून एक साधी वेताची काठी आणली. पितळी मूठ, आट्यांवर फिरणारी. मग काय विचारता! पानठेल्यावरची पोरं ते आले की बाकडं मोकळं करू लागली. कुणी विचारलं, “बाबूजी, खरंच हाये का आत?” तर ते खाली बघून “आपल्याले काय माहीत बा,” म्हणत आणि मूठ अर्धा आटा फिरवून परत बंद करत. कुत्री मात्र पूर्वीसारखीच मागं लागत. त्यांच्यापर्यंत बातमी पोचली नव्हती.

पोळ्याच्या सुमारास पेपरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 (1)(3) चा आदेश आला. त्यात तलवारी, भाले, सुऱ्यांबरोबर लाठ्याकाठ्याही येतात. म्हाताऱ्या माणसाच्या आधाराच्या काठीला बहुधा सूट असते, पण ‘बहुधा’वर बडेबाबू घराबाहेर पडत नाहीत. ते काठी घेऊन ठाण्यात गेले आणि ‘सदर काठी आदेशातील काठी आहे किंवा कसे’ याचा खुलासा लेखी मागू लागले. ठाणे अंमलदार म्हणाला, “तुमी फिरा ना जी बिनधास्त.” लेखी दिलं नाही. बडेबाबू नाराज होऊन परतले.

त्याच संध्याकाळी बसस्टँडसमोर नाकाबंदी होती. हवालदार बाहेरून बदलून आलेला. त्याच्या कानावर गावची बातमी आधीच गेलेली. त्यानं बडेबाबूंना बाजूला घेतलं.

“काठी द्या.”

गर्दी जमली. बडेबाबूंनी मागंपुढं न पाहता काठी दिली; त्यांच्या तोंडावर मला भीतीपेक्षा समाधान जास्त दिसलं. हवालदारानं मूठ फिरवली. एक आटा, दोन आटे, मूठ हातात आली. पोरं मागं सरकली. मुठीखाली चार बोटं पोकळी होती. तीत पोलाद नव्हतं. हवालदारानं काठी उलटी करून झटकली, तशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली खर्ऱ्याची पुडी त्याच्या तळहातावर पडली. डॉक्टरनं बंद करायला सांगितलेला खर्रा.

हवालदारानं पुडी नाकाशी धरली. “गुटख्यावर 2012 पासून बंदी हाये बाबूजी. सुगंधी सुपारी-तंबाखूबी त्याच्यातच आली. याचंबी कलम हाये.”

बडेबाबूंनी सवयीनं खिशातलं निळं पेन काढलं होतं. एवढ्यात रस्त्यापलीकडं भाजीची पिशवी घेऊन काकू येताना दिसल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खरोखर कुजबुजण्याइतका खाली आला.

“कलम लावा जी. पंचनामाबी करा. पर त्याच्यात घरचा पत्ता नका टाकू.”