शिष्यवृत्ती परदेशी, खिडकी आपली

परदेशी शिष्यवृत्ती मिळणे अवघड असावे, याबद्दल माझी तक्रार नाही. ऱ्होड्स शिष्यवृत्ती १९०३ पासून चालू आहे आणि भारताच्या वाट्याला तिच्या मोजक्याच जागा येतात. फुलब्राइटचा भारत-अमेरिका करार १९५० चा. ब्रिटिश सरकारची चेवनिंग १९८३ पासूनची. शिक्षणाचा आणि राहण्याचा खर्च उचलणाऱ्या अशा योजनांना चुरस असणारच, आणि ती असावीही. माझी तक्रार चुरस सुरू होण्याआधीच्या गोष्टींबद्दल आहे. मी तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. आमची हुशार मुले हे अर्ज भरतात, आणि त्यांतली बरीच परीक्षकांच्या नजरेस पडण्याआधीच नाव, शिक्का, लिफाफा आणि ईमेल यांपैकी कशात तरी अडकून बसतात.

पहिली अडचण नावाचीच. दहावीच्या प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग मुलीचे नाव, मग वडिलांचे. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर याच क्रमाला शेवटी आईचे नाव जोडलेले. आधारवर स्वतःचे नाव पुढे आणि आडनाव मागे. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत, आणि स्वतःचे व वडिलांचे नाव एकत्र दुसऱ्या ओळीत. मधल्या काळात लग्न झाले असेल तर आणखी एक नाव. अर्जात मात्र दोनच रकाने असतात आणि खाली सूचना असते की नाव पासपोर्टप्रमाणेच हवे. मुलगी तसे भरते. नंतर परदेशी विद्यापीठातून विचारणा येते की गुणपत्रिकेवरची व्यक्ती आणि अर्जदार एकच आहे याचा पुरावा द्या. मग स्टँपपेपर, नोटरी, दोन नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, त्याचे इंग्रजी भाषांतर आणि त्या भाषांतरावर पुन्हा शिक्का. वर्षानुवर्षे एकाच घरात, एकाच आईबापांजवळ राहिलेल्या मुलीला आपण आपणच आहोत हे पैसे भरून सिद्ध करावे लागते.

महाराष्ट्र सरकारने १ मे २०१४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरवला आहे. निर्णय चांगला आहे, मला तो मनापासून पटतो. ही मुले पदवीधर व्हायला अजून अवकाश आहे. तोवर विद्यापीठांनी आणि मंडळाने हाच क्रम सगळीकडे लावावा, एवढेच मागणे आहे. नाहीतर आईचे नाव घेतल्याचा दंडही पुढे मुलांनाच भरावा लागेल.

गुणांचे थोडक्यात सांगते. ब्रिटनमध्ये सत्तर टक्क्यांच्या पुढे प्रथम वर्ग आणि साठ ते सत्तरच्या मध्ये वरचा द्वितीय वर्ग. आमच्याकडे साठ टक्क्यांना गुणपत्रिकेवर ठळक अक्षरांत प्रथम श्रेणी लिहिलेली असते. त्यात आता श्रेयांक पद्धत. श्रेयांकांची टक्केवारी करण्याचे सूत्र प्रत्येक विद्यापीठाचे निराळे, आणि ते सूत्र छापलेला कागद हवा असेल तर त्याचा निराळा अर्ज. फुलब्राइट-नेहरूच्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीला चार वर्षांची पदवी लागते. तीन वर्षांची असेल तर एमए किंवा पूर्णवेळ पदव्युत्तर पदविका झालेली हवी. आमच्याकडे बीए पिढ्यान्‌पिढ्या तीन वर्षांचे होते. ही अट मुलांना कळते ती नोकरीची तीन वर्षे भरल्यावर, कारण तोही अनुभव त्याच अर्जाला लागतो. प्रथम वर्षाला प्रवेश घेतानाच हे कोणी सांगत नाही.

आता ट्रान्सस्क्रिप्ट. सगळ्या सत्रांचे सगळे विषय आणि गुण एका कागदावर, विद्यापीठाच्या सहीशिक्क्यासह. ज्या विद्यापीठाने निकाल लावला, त्याच्याकडे हे गुण आहेतच. तरीही मुलाने मूळ गुणपत्रिकांच्या झेरॉक्स साक्षांकित करून द्यायच्या, चलन भरायचे आणि वाट पाहायची. आमच्या मुलांना विद्यापीठ गाठायला एसटीने अर्धा दिवस जातो. पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी झालेली असते. सुट्टी संपल्यावर कळते की सही करणारे साहेब मीटिंगला गेलेत. दुसऱ्या फेरीला कागद हाती येतो तेव्हा एका विषयाचे नाव चुकलेले असते. दुरुस्तीसाठी नवा अर्ज. परदेशी संस्था म्हणते, लिफाफा सीलबंद हवा आणि त्याच्या चिकटवलेल्या तोंडावर विद्यापीठाची सही हवी. खिडकीतून उत्तर मिळते, आम्ही लिफाफा देत नाही, तुम्ही आणा. मुलगा बाहेरच्या दुकानातून लिफाफा आणतो. मग ऐकू येते की लिफाफ्यावर सही करण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

खिडकीमागच्या माणसाबद्दल माझ्या मनात राग नाही. त्याच्यापुढे रांग असते, पदे रिकामी असतात, आणि हा लिफाफा नेमका कशाला हवा आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. राग आहे तो कुलसचिवांच्या पातळीवर हे काम कोणी आपले मानत नाही याचा. अर्ज ऑनलाइन, शुल्क ऑनलाइन, कागद थेट परदेशी विद्यापीठाच्या ईमेलवर आणि पंधरा दिवसांची बांधील मुदत, एवढे केले तर दरवर्षी कितीतरी मुलांचे अर्ज वेळेत जातील. ज्या विद्यापीठांनी हे सुरू केले आहे त्यांचे मी आभार मानते.

शिफारसपत्राचा विषय माझ्याच व्यवसायाचा आहे, म्हणून त्यावर जास्त बोलते. बहुतेक शिष्यवृत्त्या दोन किंवा तीन शिफारसपत्रे मागतात. चेवनिंग ती मुलाखतीसाठी निवड झाल्यावर मागते, हे तिचे शहाणपण आहे. इतरांना ती अर्जासोबतच लागतात. पत्र देणाऱ्याचा संस्थेच्या नावाचा ईमेल हवा असतो. आमच्या महाविद्यालयात अनेकांचे ईमेल जीमेलवर आहेत आणि ते रीतसर आहेत, पण ते भरले की संशय घेतला जातो. पत्राबरोबर रकाने भरायचे असतात: तुम्ही शिकवलेल्या विद्यार्थ्यांत हा वरच्या पाच टक्क्यांत बसतो की दहा टक्क्यांत, त्याची विचारशक्ती कशी, चूक दाखवल्यावर तो काय करतो. आमच्याकडे पत्राचा मजकूर ठरलेला असतो: सदर विद्यार्थी मेहनती, नम्र व सुस्वभावी असून त्यास पुढील वाटचालीस शुभेच्छा. या वाक्यात एकही गोष्ट त्या विद्यार्थ्याची नसते. निवड समितीपुढे हे पत्र मोठ्या शहरातल्या नामवंत महाविद्यालयाच्या दोन पानी पत्राशेजारी ठेवले जाते. त्या दोन पानांत मुलाने कोणता प्रश्न विचारला, कोणत्या निबंधात काय मांडले, सगळे असते. समिती काय करणार?

याहून वाईट सवय म्हणजे "तूच लिहून आण, मी सही करतो." हे वाक्य प्राध्यापकांच्या खोल्यांत रोज ऐकू येते. विद्यार्थी बिचारा स्वतःची स्तुती स्वतः लिहितो, संकोचाने कमीच लिहितो, आणि तीन प्राध्यापकांची तीन पत्रे एकाच हातची वाटू लागतात. अर्ज फेटाळला जायला एवढे पुरते.

निबंधांबद्दल मला वेगळीच चिडचिड आहे. चेवनिंगने वर्षानुवर्षे नेतृत्व, लोकसंपर्क, ब्रिटनमध्येच का शिकायचे आणि पुढे काय करणार, अशा चार विषयांवर ठरावीक शब्दमर्यादेत लिहायला सांगितले आहे. प्रश्न योग्य आहेत. पण माझी एक विद्यार्थिनी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या घरची. आईवडील हंगामात कारखान्यावर गेले की गावात मागे राहिलेल्या मुलांचे हंगामी वसतिगृह तिने सांभाळले. तांदूळ कधी येणार याचा पाठपुरावा केला, आजारी मुलांना दवाखान्यात नेले, शाळा सोडू पाहणाऱ्या मुलींच्या घरी जाऊन बसली. तिच्या निबंधाच्या मसुद्यात प्रत्येक वाक्य "आम्ही"पासून सुरू होत होते. नेतृत्वाचे प्रसंग म्हणून तिने महाविद्यालयातल्या वक्तृत्व स्पर्धेचे पारितोषिक लिहिले होते. वसतिगृहाचे काम तिला नेतृत्व वाटलेच नव्हते, कारण तसे तिला कोणी म्हटले नव्हते. अशा कामाला नेतृत्व म्हणून मांडायला शहरातली मुले सल्लागाराला पैसे देऊन शिकतात.

चेवनिंगची मुदत संपते ती लंडनच्या घड्याळाने. तिथले दुपारचे बारा ऑक्टोबरात आपल्याकडे साडेचार असतात, आणि तिथली घड्याळे मागे गेल्यावर साडेपाच. शेवटच्या तासात पासपोर्टची पीडीएफ ठरावीक आकाराहून मोठी आहे म्हणून अर्ज ती घेत नाही, आणि गावातल्या नेट कॅफेत ती लहान करून देणारा मुलगा चहाला गेलेला असतो. काही महिन्यांनी नकार येतो तो दोन ओळींचा. कारण नाही. नाव अडले, पत्र अडले की निबंध, हे कळत नाही, म्हणून पुढच्या वर्षी काय सुधारायचे तेही कळत नाही.

अट कडक असली तरी स्पष्ट असू शकते, याचे जुने उदाहरण आहे. भीमराव आंबेडकरांना १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. अट कडक होती, पण ती एका करारात स्पष्ट लिहिलेली होती. त्याच कोलंबियात १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. केंद्र सरकारने २०२२ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमांत एक ओळ घातली, की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय या योजनेत बसणार नाहीत. आंबेडकरांचा तो निबंध नेमका अशाच विषयावरचा होता. एका ओळीने किती मोठे दार बंद होते, हे मला यातून नीट दिसले.

नियमांतली ती ओळ काढणे माझ्या हातात नाही, लंडनचे घड्याळही नाही. शिफारसपत्र मात्र आपल्या हातात आहे. प्राध्यापक मित्रमैत्रिणींनो, या दिवाळीच्या आधी एखादा विद्यार्थी पत्र मागायला आला तर त्याला "लिहून आण" म्हणू नका. खुर्ची द्या, त्याने काय काय केले ते विचारा, आणि पत्र स्वतः लिहा.