ऐकणारा सोडून सगळे तयार

डिजिटल रेडिओ भारतात कधी येणार, असं विचारणाऱ्यांची गंमत वाटते. तो येऊन कित्येक वर्षं झाली. सकाळी नऊच्या सुमाराला काशेलीच्या खाडीपुलावरून बाळकुम नाक्याकडे सरकणारी, खरं तर न सरकणारी, मोटारींची रांग पाहा. डोक्यावर मेट्रो-५ चा पूल, डाव्या-उजव्या हाताला भिवंडीच्या गोदामांतून सुटलेले कंटेनर आणि त्यांच्या मध्ये ईएमआयवर घेतलेल्या चकचकीत गाड्या. त्यातल्या पुष्कळ गाड्यांच्या डॅशबोर्डात डिजिटल रेडिओ बसलेला आहे. मारुती सुझुकी, ह्युंदाई, महिंद्रा, टोयोटा अशा कंपन्यांनी तो कारखान्यातच बसवून दिला, वेगळे पैसेही मागितले नाहीत. मालकाला मात्र पत्ता नाही. शोरूममधल्या मुलाने त्याला सनरूफ तीनदा उघडून दाखवलं, कप ठेवायचे खळगे मोजून दाखवले. रेडिओचं नाव काढलं नाही, कारण ते त्यालाही कुणी सांगितलेलं नव्हतं. एखादं तंत्रज्ञान लाखो गाड्यांनी स्वीकारावं आणि त्या गाड्यांतल्या माणसांना त्याची गंधवार्ता नसावी, हा विक्रम आपल्या नावावर जमा आहे.

कागदावर मात्र सगळं जागच्या जागी आहे. डीआरएम, म्हणजे ‘डिजिटल रेडिओ मोंडियाल’ या पद्धतीची जागतिक संघटना १९९८ साली उभी राहिली. आकाशवाणीने २००७ च्या आसपास चाचण्या केल्या. पुढे देशभर तीसहून अधिक मीडियम वेव्ह ट्रान्समीटर डिजिटल झाले. मुंबईचं नाव त्या यादीत आहे, आणि राजकोटला तर तब्बल १,००० किलोवॅटचा ट्रान्समीटर आहे. फायदेही खोटे नाहीत. एकाच ट्रान्समीटरवरून एकापेक्षा जास्त कार्यक्रम जातात, वीज कमी लागते, मीडियम वेव्हचा तो खरखरणारा आवाज एफएमसारखा स्वच्छ होतो, आणि पडद्यावर बातमीच्या किंवा वाहतुकीच्या ओळीही उमटू शकतात. यंत्रं आली, सुटे भाग आले, गाड्या आल्या. दोनच किरकोळ बाबी राहून गेल्या. हे ऐकायला मिळतं असं लोकांना सांगायचं, आणि ऐकावंसं वाटेल असं काहीतरी त्यावर लावायचं. ज्या ठाण्यात सेवा रस्त्यावर बाकडं टाकलं तरी लोकार्पण होतं आणि पाठीवर नगरसेवकाचं नाव रंगवलं जातं, तिथे कोट्यवधींच्या या योजनेचा एक फ्लेक्स लागू नये, याचं श्रेय कुणाला द्यावं ते कळत नाही.

समजा, एखाद्याने चुकून शोध लावलाच. कोंडीत बसून कंटाळलेलं बोट पडद्यावर फिरतं आणि ब्लूटूथ, यूएसबी, एफएम ओलांडून ‘एएम’वर, म्हणजे मीडियम वेव्हवर, पडतं. हे बटण म्हणजे गाडीच्या पडद्यावरचा माळा. तिथे सहसा कुणी चढत नाही. यंत्र शोध घेतं, आकड्यांच्या जागी केंद्राचं नाव उमटतं, आणि नशीब बलवत्तर असेल तर आवाज लागतो. इतका स्वच्छ की निवेदकाने उलटलेला कागद ऐकू यावा. मग वर मेट्रोचा पूल येतो, शेजारी उच्चदाबाची तार येते, आणि आवाज गायब. डिजिटलचा स्वभावच तसा आहे: येईन तर पूर्ण, नाहीतर मुळीच नाही. जुना रेडिओ अशा वेळी कण्हायचा, खरखरायचा, पण आपण जिवंत आहोत एवढं कळवायचा. नवा एकदम मौन धरतो. आपण काही चुकीचं दाबलं असेल या समजुतीने माणूस परत ब्लूटूथवर जातो आणि पुढे आयुष्यात त्या माळ्यावर चढत नाही.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांच्या मोटरचा विद्युत गोंगाट मीडियम वेव्हवर येतो, या सबबीखाली अमेरिकेत काही कंपन्यांनी एएम रेडिओच काढून टाकला. तो प्रत्येक गाडीत असलाच पाहिजे असं विधेयक २०२३ मध्ये तिथल्या संसदेत मांडलं गेलं, आणि फोर्डने त्याच वर्षी आपला निर्णय मागे घेतला. तिथे निदान भांडण तरी झालं. आपण एकीकडे विजेच्या गाड्यांना सवलती देतो, दुसरीकडे डिजिटल रेडिओ नेमका त्याच लहरींवर चढवून ठेवतो, आणि दोन्ही खात्यांच्या अहवालांत प्रगती समाधानकारक असते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: रेडिओ ऐकतो कोण? खिशात मोबाइल आहे, गाणी आहेत, नकाशा आहे, मुसळधार पावसाचा इशाराही फोनवर किंचाळत येतो. आक्षेप अगदी वाजवी आहे, आणि म्हणूनच तो नीट तपासावा. नकाशा सांगतो की घोडबंदर रस्ता लाल आहे. ही माहिती मिळवायला उपग्रहाची गरज नव्हती, घोडबंदर रस्ता लालच असतो. गायमुखच्या घाटात कंटेनर आडवा झालाय की खड्डे बुजवायला एक मार्गिका बंद ठेवली आहे, अवजड वाहनं किती वाजता सोडणार, आज रात्री गर्डर टाकायचा म्हणून वळवलेली वाहतूक नेमकी कुठून जाणार, हे नकाशा सांगत नाही. वाहतूक पोलिसांची अधिसूचना निघते, पण ती पेपरात सातव्या पानावर किंवा फोनवर फिरत आलेल्या धूसर फोटोत असते. आणि स्टिअरिंग हातात असताना ती वाचू नये, असं तेच पोलीस सांगतात. पावसाच्या इशाऱ्याचंही तसंच. ‘ठाणे जिल्ह्यात रेड अलर्ट’ हा एकच इशारा मीरा रोडच्या खाडीकाठालाही लागू आणि मुरबाडमधल्या माळशेज घाटालाही. कापूरबावडीला पाणी साचलंय की नाही, हे त्या किंचाळण्यातून कळत नाही.

फोनवर भरवसा ठेवणाऱ्यांनी २६ जुलै २००५ आठवावी. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहरभर मोबाइलनी मान टाकली. गर्दी वाढली की मोबाइलचं जाळं दमतं. रेडिओला ऐकणारे दहा असोत की दहा लाख, त्याच्या ट्रान्समीटरला फरक पडत नाही. डीआरएममध्ये तर आणीबाणीच्या वेळी चालू असलेलं गाणं थांबवून इशारा ऐकवण्याची सोय आहे. ती सोय बाळकुमच्या रांगेतल्या गाडीत आज झोपून आहे. तिला उठवणारा आवाज कुणी काढायचा, एवढंच ठरायचं बाकी आहे.

इथे खरी अडचण समोर येते. रेडिओ कसा ऐकू येतो, यावर आपण दीड दशक घालवलं. रेडिओवर कोण बोलतं आणि कुणाशी, हा विषय अजून अजेंड्यावर आलेला नाही. खासगी एफएमच्या नकाशात ठाणं आणि कल्याण-डोंबिवली ही गावं नाहीतच, ती मुंबईच्या लायसन्सात फुकट आलेली पुरवणी आहे. जळगाव, अकोला, नांदेड आणि सांगली या चार शहरांना आपापलं खासगी एफएम केंद्र आहे, आणि ते असायलाच हवं. २०११ च्या जनगणनेत या चार महापालिकांची मिळून लोकसंख्या वीस लाखांच्या आत होती. त्याच जनगणनेत ठाणे महापालिकेची १८ लाख ४१ हजार आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजार, म्हणजे दोन्ही मिळून जवळपास ३१ लाख. या ३१ लाखांसाठीचा रेडिओ मुंबईत बसून मुंबईशी बोलतो. वाहतुकीची खबर वांद्रे, सायन, घाटकोपर करत मुलुंडच्या टोलनाक्यापर्यंत येते आणि तिथेच संपते. मोटारींचा टोल १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री माफ झाला, खबरीचा अजून नाही.

कल्याणचा शंभरी ओलांडलेला पत्री पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला, नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. डोंबिवलीचा कोपर पूल २०१९ च्या सप्टेंबरात बंद झाला तो दोन वर्षांनी उघडला. या काळात दोन शहरांचा गळा आवळलेला होता. कोणत्या वेळी कोणत्या बाजूने जावं, हे सांगणारा दिवसाला दहा मिनिटांचा कार्यक्रम कुणी केला असता, तर त्याला जाहिराती शोधत फिरावं लागलं नसतं. पण त्या दहा मिनिटांना जागा कुठे होती? एफएमवर मुंबईचा एक चॅनल म्हणजे एकच आवाज. तो वरळीला सोडून कोपर पुलावर का येईल?

डिजिटलचा एकमेव खरा उपयोग आहे तो इथे: जागा. आवाजाची स्वच्छता हे शोरूममधलं कौतुक. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, खासगी एफएम केंद्रांसाठी डिजिटल रेडिओच्या शिफारशी केल्या. त्यानुसार एकाच फ्रीक्वेन्सीवर जुनी अॅनालॉग वाहिनी चालू राहील आणि तिच्या जोडीला तीन डिजिटल वाहिन्या व एक डेटा वाहिनी मिळेल. पहिल्या फेरीत १३ शहरं. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि नागपूर. म्हणजे मुंबईच्या एका फ्रीक्वेन्सीवर चार आवाज मावतात, आणि त्यातला एक खाडीच्या अलीकडचा असायला तांत्रिकदृष्ट्या कुणाची हरकत नाही. अडतं ते हिशेबात. मुंबईच्या लिलावासाठी सुचवलेली राखीव किंमत १९४ कोटींच्या वर आहे. एवढे पैसे मोजून आलेला मालक तीन नव्या वाहिन्यांवर काय लावेल, हे सांगायला ज्योतिषी नको: एकीवर नव्वदच्या दशकातली हिंदी गाणी, दुसरीवर नव्वदच्या दशकातली दुःखी हिंदी गाणी, आणि तिसरीवर तीच गाणी थोडी जलद.

बाजाराला जे परवडतं तेच होणार, हा दुसरा आक्षेप. बाजाराला दोष देण्याआधी त्याचे हात कुणी बांधलेत तेही पाहू. देशात खासगी एफएम २००१ मध्ये सुरू झालं, आणि त्याला स्वतःच्या बातम्या द्यायची आजही परवानगी नाही. फार तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. मात्र वाहतूक, हवामान, पाणीपुरवठा, वीज, नैसर्गिक आपत्ती यांची माहिती सरकारी व्याख्येत बातमी नाही, ती द्यायला मोकळीक आहे. बाळकुमच्या माणसाला सकाळी जेवढं हवं असतं तेवढं सगळं या मोकळ्या यादीत बसतं. मग लिलावाच्या अटींत एवढंच का घालू नये, की मुंबईची फ्रीक्वेन्सी घेणाऱ्याने तीनपैकी एक वाहिनी ठाणे-कल्याण पट्ट्यासाठी चालवावी आणि डेटा वाहिनीवर इथल्या पोलिसांच्या अधिसूचना द्याव्यात? भूखंड घेणाऱ्या बिल्डरला उद्यानाचं आरक्षण सोडावं लागतं. ते उद्यान पुढे कुठे जातं हा वेगळा विषय, पण अट तरी असते.

परदेशाचे दाखले इथे हमखास फेकले जातात, म्हणून एक नीट पाहू. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय एफएम बंद केलं. त्यांच्या एफएमवर पाच राष्ट्रीय वाहिन्यांना जागा होती. ते बंद झालं तेव्हा डिजिटलवर २२ वाहिन्या आधीच चालू होत्या. कार्यक्रम तयार होते, घरोघर रेडिओ होते. अडचण होती ती मोटारींची: सुमारे २० लाख गाड्यांत डिजिटल रेडिओ नव्हता आणि लोक चिडले होते. युरोपीय महासंघाने तर डिसेंबर २०२० पासून नव्या मोटारींच्या रेडिओवर डिजिटलची सक्तीच केली. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक रेडिओने २०२४ च्या अखेरीस एफएम बंद करून पाहिलं आणि श्रोते गमावले. म्हणजे तिथे ऐकणारे आहेत, म्हणून बटण बंद करताना हात थरथरतो. आपल्याकडे सगळं उलट्या क्रमाने झालं. गाड्या सज्ज, ट्रान्समीटर सज्ज, कार्यक्रम आणि श्रोते यायचे आहेत. अॅनालॉग कधी बंद करायचं हे नंतर ठरवावं, असं ट्रायने म्हटलंय ते बरंच केलं.

आणि हा सगळा खटाटोप मोटारवाल्यांपुरता, हेही सांगितलं पाहिजे. टीएमटीच्या बसमध्ये लोंबकळणाऱ्याला, शेअर रिक्षात चौथ्या सीटवर बसलेल्याला किंवा डोंबिवली लोकलच्या दारातल्याला डिजिटल रेडिओ मिळायचा तर तो फोनमध्ये हवा. फोनमधला साधा एफएमही जाऊ लागला म्हणून केंद्र सरकारला एप्रिल २०२३ मध्ये कंपन्यांना ‘तो ठेवा’ असं सांगावं लागलं. नव्या शिफारशींतही फोन आणि मोटारींत डिजिटल रेडिओ असावा असं आहे. असावा. कोंडी व्हायला नको, हेही असंच सगळ्यांना वाटतं.

तेव्हा मोटारवाल्या वाचकांनी दोन कामं करावीत. पुढच्या कोंडीत, म्हणजे उद्या सकाळी, गाडी पूर्ण थांबलेली असताना एएमचं बटण दाबून आपल्याकडे काय आहे ते पाहून घ्यावं. आणि खासदार मतं मागायला सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये येतील तेव्हा त्यांना पाणी आणि पार्किंग यांच्या जोडीला एक तिसरा प्रश्न विचारावा: मुंबईच्या लिलावात ठाणे-कल्याणसाठी एक वाहिनी राखून ठेवण्याची अट घालणार का, हो की नाही? उत्तर लेखी मागावं.