सिंह, राक्षस आणि उंदीर

माझी रास सिंह, गण राक्षस आणि योनी उंदराची. ही थट्टा नाही. मघा नक्षत्रावर जन्मलेल्या प्रत्येकाच्या पत्रिकेत हेच लिहिलेलं असतं. खात्री करायची तर पंचांगातलं अवकहडा चक्र काढून बघावं. २७ नक्षत्रं, ३ गण, १४ प्राणी, आणि त्यातला उंदीर नेमका सिंहाच्या वाट्याला. ज्याने कुणी हा तक्ता मांडला त्याला एकतर विनोदबुद्धी होती, नाहीतर माझ्यासारखा एखादा साडू होता.

ही भानगड लग्न ठरताना उघडकीस आली. बायकोचं नक्षत्र पुनर्वसू, म्हणजे गण देव आणि योनी मांजराची. देव-राक्षस म्हणून गणाच्या ६ गुणांत भोपळा, मांजर-उंदीर म्हणून योनीच्या ४ गुणांतही भोपळा. सासऱ्यांचा चेहरा उतरला. पण गुरुजी पडले कल्याणचे, व्यवहारी. नाडी वेगवेगळी, ८ पैकी ८. राशी एकमेकींपासून तिसऱ्या-अकराव्या, ७ पैकी ७. ३६ पैकी १८ जुळले की घोडं गंगेत न्हातं, आमचं त्याच्याही पुढे गेलं. ‘संततीला अडचण नाही, पैशाला अडचण नाही,’ गुरुजी म्हणाले, ‘भांडणाचं म्हणाल तर ती पत्रिका न बघताही होतातच.’

तेव्हा मी तो तक्ता हसण्यावारी नेला. शहाडला राहायला आल्यावर तो पुन्हा काढून वाचला.

शहाड म्हणजे कल्याणच्या पुढे कसाऱ्याच्या फाट्यावरचं पहिलं स्टेशन. त्यामुळे मुंबईहून सुटणारी कल्याण लोकल आमच्या उपयोगाची नाही, आणि कर्जतची तर आम्हाला कल्याणला सोडून भलतीकडेच वळते. टिटवाळा, आसनगाव, कसारा एवढ्याच आमच्या. त्यातली एक चुकली की कल्याणला उतरून एकतर पुढच्या गाडीची वाट बघायची, नाहीतर शेअर रिक्षात चौथा होऊन अर्ध्या मांडीवर घर गाठायचं.

तर संध्याकाळची कसारा. मी तिसऱ्या सीटवर. दादरला एक धिप्पाड गृहस्थ येऊन ‘जरा सरका’ म्हणतात आणि चौथ्या सीटवर टेकतात. टेकतात कसले, माझ्या उजव्या मांडीवर सातबारा करून घेतात. इथे माझी रास जागी होते. मान ताठ, छाती पुढे, नजर समोरच्या जाहिरातीवर रोखलेली. घाटकोपर येईपर्यंत गण कामाला लागतो: मनातल्या मनात मी त्या गृहस्थांना बॅगेसकट खिडकीच्या गजांतून बाहेर काढलेलं असतं, डोंबिवलीपर्यंत त्यांच्या सात पिढ्यांचा हिशेब झालेला असतो. शहाडला उतरायचं तर डोंबिवली गेल्याबरोबर उठावं लागतं, कारण कल्याणला टिटवाळ्याची मंडळी आत घुसली की दार दिसेनासं होतं. मी उठतो. ते वर बघतात. ‘बसा हो आरामात,’ मी म्हणतो, ‘माझं स्टेशन आलंच.’ हा तिसरा. आणि त्यांच्या बुटाला माझा पाय लागला तर ‘सॉरी’ही तोच म्हणतो.

मध्यंतरी ऑफिसने आम्हाला एका हॉटेलात नेऊन एनिआग्राम शिकवला. माणसं नऊ प्रकारची. प्रत्येकाला एक आकडा. आणि ताण आला की आकडा बाणाच्या दिशेने दुसऱ्या आकड्याकडे सरकतो. मी नऊ निघालो. नऊ म्हणजे शांतताप्रिय. ताणात तो सहाकडे जातो, म्हणजे चिंता करतो आणि शंका काढतो. ही आकृती गुर्जिएफ नावाच्या गूढवाद्याने गेल्या शतकात आपल्या शिष्यांना शिकवली. तिच्यावर स्वभाव चिकटवले ते पुढे ऑस्कर इचाझो आणि क्लाउडिओ नारान्हो यांनी. म्हणजे कूळ बघितलं तर आमच्या गुरुजींचीच भावकी, फक्त दक्षिणा डॉलरात आणि जेवण बुफे.

यात शास्त्र किती, हे मला ठाऊक आहे. १९४८ मध्ये बर्ट्रम फोररने वर्गातल्या सगळ्या विद्यार्थ्यांना ‘तुमचा खास स्वभाव’ म्हणून एकच मजकूर वाटला, आणि पोरांनी त्याला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. आपल्याकडे जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर वगैरे मंडळींनी हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका ज्योतिषांपुढे ठेवल्या, कुठली कुणाची ते ओळखा म्हणून. उत्तरं पाठवणारे २७ निघाले, नक्षत्रागणिक एक. निकाल नाणं उडवण्यापेक्षा बरा लागला नाही. मला हे सगळं मान्य आहे. माझी तक्रार वेगळी आहे. एनिआग्राम मला एक आकडा देतो आणि तोही एका वेळी एकाच दिशेला सरकवतो. मी ताणात असताना दादर ते शहाड तिघं असतो, आणि तिघंही एकाच सीटवर. ही गर्दी फक्त अवकहडा चक्रात मावते.

बायकोचं तसं नाही. ती देव आणि मांजर दोन्ही एकाच वेळी असते, काही विसंगती नाही. सोसायटीची मोटर जळली तेव्हा मी ग्रुपवर जळजळीत मेसेज लिहून खोडत बसलो होतो. ही शांतपणे सेक्रेटरींच्या दारात जाऊन उभी राहिली. बोलली काहीच नाही. अर्ध्या तासात टँकर आला.

मुलगी यंदा बारावीला. नक्षत्र आश्लेषा: गण राक्षस, योनी मांजर. गण बापाचा, प्राणी आईचा, म्हणजे संसारातल्या सगळ्या गोष्टींसारखाच उरलेला प्राणी मला एकट्याला. भौतिकशास्त्राच्या पेपरच्या आदल्या रात्री ती टेबलाशी बसली होती. मला गार वाटलं म्हणून मी जाता जाता पंखा बंद केला.

‘पंखा कुणी बंद केला?’

आतून बायकोही बाहेर आली.

‘लाइट गेली असेल गं,’ मी म्हणालो.

डोक्यावर ट्यूबलाइट लख्ख पेटलेली होती. दोघींनी आधी ट्यूबकडे बघितलं, मग माझ्याकडे.