खुबा, खोली आणि एक जून

कोल्हापुरात परक्या माणसाला काय विचारावं याला धरबंद नाही. गाव कुठलं, कुणाच्यातले, ऊस किती जातो, थोरल्याचं लग्न कशापायी अडलंय, जेवणाआधीची शुगर किती, जेवणानंतरची किती, हे सगळं विचारून झालं की मग नाव विचारतात. रंकाळा तलावाच्या कट्ट्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींना तर एकमेकांचे क्रिएटिनिनचे आकडे नातवंडांच्या मार्कांसारखे पाठ आहेत. एक प्रश्न मात्र या कट्ट्यावर आजवर कुणी कुणाला विचारलेला नाही. तुमच्या पॉलिसीत खोलीच्या भाड्याला मर्यादा किती?

हप्ता सगळेच भरतात. पॉलिसीचा कागद कपाटात, शालूच्या घडीत. शालू निदान लग्नकार्याला बाहेर निघतो.

आमच्या गल्लीतल्या मास्तरांचा कागद निघाला तो खुब्याचं हाड मोडल्यावर. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या पोरांना अपूर्णांक शिकवण्यात त्यांची हयात गेली. एजंट त्यांचाच जुना विद्यार्थी. गुरुदक्षिणा म्हणून त्यानं मास्तरांना तीन लाखांची पॉलिसी विकली. "मास्तर, निस्त्या सह्या करा. वाचत कशाला बसतासा? मी हाय की!" आयुष्यभर पोरांना "प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा" असं सांगत आलेल्या माणसानं अकरा ठिकाणी सह्या केल्या आणि वर त्याला चहा पाजला.

पावसाळ्यात न्हाणीत पाय घसरला. पुण्याहून मुलगा रातोरात आला. पुण्यात राहणाऱ्या मुलाची माया गावाकडं खोलीच्या दर्जावरून मोजतात, त्यामुळं त्यानं रोजची सहा हजारांची खोली घेतली. टीव्ही, सोफा, आणि खिडकीतून लांबवर जोतिबाचा डोंगर. मास्तरीणबाईंनी खिडकीतूनच हात जोडले. "कॅशलेस आहे ना?" एवढंच मुलानं काउंटरवर विचारलं. "आहे," म्हणाले. दोन्ही बाजू खरं बोलत होत्या.

पॉलिसीत लिहिलं होतं: खोलीचं भाडं रोज विमा रकमेच्या एक टक्का. म्हणजे तीन हजार. वाचकहो, वरचे तीन हजार खिशातून भरले की विषय संपला असं समजू नका, मुलानंही तसंच समजलं होतं. खोली भारी घेतली की पुष्कळ ठिकाणी डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळ्यांचा दर चढतो. खुबा तोच, हातोडी तीच, पण डोंगर दिसणाऱ्या पेशंटचं हाड जोडायला जादा लागतं. मग कंपनी म्हणते, खोली तुम्ही दुप्पट घेतली, तर या खर्चातलाही अर्धाच आमचा. याला 'प्रपोर्शनेट डिडक्शन' म्हणतात. मास्तर यालाच चौथीत गुणोत्तर म्हणत आणि चुकलं तर पट्टी मारत.

चार दिवसांची खोली 24,000. डॉक्टर, थिएटर, नर्सिंग वगैरे 1,20,000. औषधं, रॉड आणि स्क्रू 60,000. एकूण 2,04,000. कंपनीनं सरसकट निम्मे केले, 1,02,000. त्यावर ज्येष्ठांच्या पॉलिसीत पुष्कळदा असतं ते वीस टक्के 'को-पे' कापलं. कंपनीकडून आले 81,600. उरलेले 1,22,400 घरचे.

शिवाय हे फक्त मोठे खर्च झाले. विमा नियामकानं 68 वस्तूंची एक यादी करून ठेवली आहे. जादा पैसे भरून वेगळं संरक्षण घेतलं नसेल तर या वस्तूंचे पैसे बहुतेक पॉलिसींत मिळत नाहीत. हातमोजे, डायपर, थर्मामीटर, पाण्याची बाटली, चालायचा वॉकर. शवागाराचं भाडंही त्यातच आहे. म्हणजे तुमचं-आमचं नातं जिवात जीव आहे तोवरच, हे कंपनीनं पहिल्यापासून स्वच्छ सांगितलेलं आहे. स्लीपर आणि कंगवा दुसऱ्या यादीत, ते खोलीच्या भाड्यातच धरलेले. चपलेसाठी जगभर नाव असलेल्या गावात चप्पल भाड्यात धरतात, हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही कोण जाणे.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी सकाळी दहाला "जा" म्हटलं. कंपनीचं 'अप्रूव्हल' संध्याकाळी सहाला आलं. तोवर मास्तर विजार-टोपी घालून पलंगावर बसून होते, पेशंटही नाहीत आणि मोकळेही नाहीत. मे 2024 मध्ये इर्डाईनं, म्हणजे विमा नियामकानं, परिपत्रक काढलं आहे. कॅशलेसला पहिली मंजुरी एका तासात, घरी सोडायच्या वेळची शेवटची तीन तासांत, आणि उशीर झाला म्हणून हॉस्पिटलनं जादा आकार लावला तर तो कंपनीनं सोसायचा. हे काउंटरवर कुणी बोललं नाही, कारण कुणाला माहीत नव्हतं. आणि माहीत असतं तरी बोलले नसते. "कशाला वाकडं घ्या, माणूस आत हाय आपलं." विमा कंपन्यांचा निम्मा नफा या एका वाक्यावर चालत असावा, असा माझा आपला संशय आहे.

आता सरकारी कार्डाची गोष्ट. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे दाखल होऊन घ्यायचे उपचार, उत्पन्नाची अट नाही, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात, खासगी पॉलिसी असली तरी चालतं. नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर पाच लाख दोघांत मिळून. वय बघायचं आधार कार्डावरून.

इथं घोडं पेंड खातं. महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी एकाच दिवशी जन्मलेली आहे, 1 जूनला. शाळेत नाव घालायला आणलेल्या पोराकडं वरून खालपर्यंत बघून गुरुजी साल ठरवत आणि तारीख कायमची छापील. आमच्या मास्तरांनी स्वतःच्या हातानं शेकडो पोरं 1 जूनला जन्माला घातली आहेत. त्यांच्या गुरुजींनी त्यांच्यावर जरा जास्त माया केली. पोरगं हुशार आहे, नोकरीला लागेल, दोन वर्षं जास्त खाईल, म्हणून वय दोन वर्षांनी कमी लावलं. मास्तरांनी ती दोन वर्षं पूर्ण पगारानं खाल्ली. आता आईच्या हिशोबानं ते एकाहत्तर आणि आधारच्या हिशोबानं एकोणसत्तर. शाळेचा दाखलाही तेच सांगतो, दुरुस्ती मागायची तर कुठल्या तोंडानं? मास्तरीणबाईंना नोकरी करायची नव्हती म्हणून त्यांचं साल खरं राहिलं. परिणामी कागदोपत्री बायको नवऱ्यापेक्षा वर्षानं थोरली. कार्ड तिचं निघालं, खुबा याचा मोडला. आणि ते कार्ड सत्तरीच्या माणसापुरतं, नवऱ्याला त्याची हवासुद्धा लागत नाही.

"मग म्हात्मा फुल्यांचं कार्ड न्हाई व्हय?" कट्ट्यावर एकानं विचारलं.

"आमचं रेशनकार्ड पांढरं हाय," मास्तर ताठ होऊन म्हणाले. "आपण काय गरीब हाय का?"

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 1 जुलै 2024 पासून पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. पण पांढऱ्या कार्डाचा ताठा असा की माणूस सव्वा लाख खिशातून घालील, सीपीआरच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या, रांगेत कुणी बघेल म्हणून तिकडं फिरकणार नाही. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र नावाचा माणूस नेमलेला असतो, कुठला उपचार बसतो ते सांगायला. मास्तरांच्या हॉस्पिटलातही होता. त्या टेबलासमोरून मुलगा चारदा गेला. 'आरोग्यमित्र' ही पाटी वाचून त्याला वाटलं, योगासनांच्या वर्गाची नावनोंदणी चालली असेल. खुबा योजनेत बसला असता की नाही हे मी सांगणार नाही. ते सांगायला तो माणूस पगार घेऊन बसला होता. 155388 हा नंबरही त्याच कामाचा आहे.

कट्ट्यावर या प्रकरणाचा मोठा परिणाम झाला. दुसऱ्या दिवशी एकजण घरचा कागद घेऊनच आले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एजंटनं त्यांची बारा वर्षांची शुगर 'नाही' अशी लिहिली होती. "सांगितलं तर तीन वर्षं थांबाय लागतंय," असं त्याचं म्हणणं. आता नियम असा आहे की जुना आजार सांगितला तर कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबवू शकते. लपवला तर सलग पाच वर्षं हप्ते भरून होईपर्यंत मानेवर टांगती तलवार, आणि लबाडी सिद्ध झाली तर त्यानंतरही. सांगून तीन, लपवून पाच. शुगर लपवण्यात दोन वर्षांचा तोटा आहे हे ऐकून त्या गृहस्थांनी हातातली जिलेबी आणखी घट्ट धरली.

दुसऱ्या एकांना हप्त्यावरचा अठरा टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाल्याचं तेव्हाच कळलं. साठीपुढच्यांचा हप्ता नियामकाला विचारल्याशिवाय वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, हेही. त्यांनी एजंटला फोन लावला. त्यानं उचलला नाही, म्हणजे तो अजून त्याच धंद्यात आहे.

मास्तर मात्र कागद वाचत बसले. घरी, वॉकर बाजूला ठेवून, लाल पेन घेऊन. तिसऱ्या दिवशी त्यांना सापडलं. खोलीचं गुणोत्तर औषधांना आणि शरीरात बसवलेल्या वस्तूंना लावता येत नाही. रॉड हा रॉडच, तो डोंगर दिसणाऱ्या खोलीतही तेवढ्याच लांबीचा. म्हणजे 60,000 पूर्ण धरायला हवे होते. 12,000 अधिक 60,000 अधिक 60,000, बरोबर 1,32,000. वीस टक्के वजा जाता 1,05,600. कंपनीनं 24,000 कमी दिले. मास्तरांनी कंपनीच्या पत्रावर 'रीत चूक, उत्तर चूक' असा लाल शेरा मारला आणि पोस्टानं तक्रार अधिकाऱ्याकडं पाठवला. "आपली विनंती आमच्यासाठी महत्त्वाची आहे" असं उत्तर आलं. त्यातलीही शुद्धलेखनाची एक चूक त्यांनी काढली.

महिना उलटला. आता पुण्याचे विमा लोकपाल. तिथं फी नाही, वकील नाही, आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक. पोस्टानं किंवा ऑनलाइनही तक्रार चालते, असं मुलानं पुण्याहून तीनदा सांगितलं. पण मास्तर ऐकतील तर ना! "समोर बसून गणित घालणार हाय मी त्यास्नी." मास्तरीणबाई फायली सांभाळायला बरोबर निघाल्या. एसटीत कंडक्टरनं दोघांची आधार कार्डं बघितली. मास्तर कागदावर एकोणसत्तर, त्यामुळं ज्येष्ठ म्हणून अर्धं. बाई म्हणून त्यांचंही अर्धं. दोघांत मिळून एका तिकिटात पुणं.

"हिथं बरं चाललं की तुमचं एकोणसत्तर!" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"पंच्याहत्तरला फुकट हाय," मास्तर म्हणाले. "तिथं परत दोन वर्षं बुडणार."